माउथवॉश वापरताय? मग या चुका टाळा

दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे माउथवॉशचे हे घोळ रोज बघते आणि खरं सांगायचं तर आता चीड येते, कारण वस्तू वाईट नाहीये, वापरायची पद्धत वाईट आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्लोरहेक्झिडिनवालं माउथवॉश महिनोन्‌महिने चालू ठेवणं. हे तोंडातले जंतू मारणारं औषध आहे हो! हिरड्यांचं ऑपरेशन झालंय, ब्रश लावता येत नाही, तेव्हा डॉक्टर साधारण दोन आठवड्यांसाठी देतात आणि तेवढ्यापुरतं ते झकास काम करतं. आमच्याकडे एक काका आले होते, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून बाटलीमागून बाटली आणत वर्षभर गुळण्या चालू, वर दिवसाला चार-पाच कप चहा. समोरचे दात कडेकडेने तपकिरी, जीभही तशीच, घरच्यांना वाटलं यांनी गुपचूप तंबाखू सुरू केली. काकू सांगत होत्या, "हल्ली आमटी अळणी लागते म्हणून वरून मीठ घेतात," आणि काकांना बीपी! या औषधाने खारट चव कमी लागते, डाग पडतात, दातांवर कीटणही जास्त धरतं. डाग पॉलिशिंगने गेले, बाटली बंद केल्यावर चवही परत आली, पण वर्षभर जास्तीचं मीठ पोटात गेलं त्याचं काय?

दुसरी चूक, ब्रश झाला की लगेच माउथवॉश. पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातांवर राहायला हवं, ते तुम्ही धुऊन टाकता. क्लोरहेक्झिडिन असेल तर पेस्टमधल्या फेसाच्या केमिकलमुळे त्याचाही जोर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्या. मी स्वतः फ्लोराइडवालं दुपारी जेवणानंतर वापरते, ३० सेकंद खळखळवायचं, थुंकायचं, वर पाणी नाही आणि पुढे अर्धा तास खाणंपिणं बंद.

घाईत ब्रशऐवजी नुसती चूळ भरून पळणाऱ्यांना तर काय सांगावं, दातांवरचा चिकट थर घासल्याशिवाय निघत नाही म्हणजे नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, गिळतात.

तोंड कोरडं पडत असेल तर अल्कोहोल नसलेलं घ्या.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास कसलीच गुळणी नको, दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली की भयंकर ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा.

आणि तोंडाला वास येतो म्हणून माउथवॉश मारत बसणारे! आधी जीभ घासा, हिरड्यांतून रक्त येतंय का बघा, कीटण काढून घ्या. त्यातही मिश्री, गुटखा, तंबाखू चालू असेल आणि तिखट झोंबतंय, तोंड पूर्वीइतकं उघडत नाहीये किंवा एखादा पांढरा चट्टा नाहीतर फोड दोन आठवड्यांत जात नाहीये, तर बाटली ठेवा बाजूला आणि याच आठवड्यात तोंड दाखवून या.