साठ पोरांचा वर्ग कसा चालवावा

कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक. संख्या त्यापुढे गेली आणि तुकडी पाडता येणार असेल तर आधी पहिली-दुसरीची पाडा. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून झालेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांचा फायदा लहान वयातच ठळक दिसला.

तुकडी पडत नसेल तर सहा-सहांचे गट करा, प्रत्येकात वाचणारी दोन तरी पोरं हवीत. चाळीस मिनिटांत दहा शिकवणं, वीस गटकाम, दहा तपासणी. वह्या रोज दोनच गटांच्या तपासा. साठ वह्यांवर नुसत्या बरोबरच्या खुणा करण्यात अर्थ नाही. गटप्रमुख दर सोमवारी बदला, नाहीतर पाटलाचं पोरगं वर्षभर प्रमुख राहतं आणि बाकीचे उतरवून घेतात.

नियम तीनच, तेही मुलांकडूनच ठरवून घ्या. शांततेसाठी हात वर करा आणि थांबा. ओरडलात की गोंगाट वाढतोच. छडी २००९ च्या कायद्याने बंद आहे, आणि भ्यालेलं पोरगं चुकीचं उत्तरही देत नाही, मग अडलंय कुठं ते कळणार कसं?

तांड्यावरचं मूल गप्प असलं तर त्याला मठ्ठ समजू नका. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात. पहिले काही महिने त्या भाषेत उत्तर चालवून घ्या.

बीडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीमुळे पट घटतो. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) द्या, वाचनाची पातळी स्वतःच्या वहीत टिपा. परतल्यावर तिथूनच सुरू करा, चालू धड्यापासून नव्हे.