संत्र्याचा ताण: मुळं तोडून बहार फोडताय? या चुका टाळा

संत्र्याला एकदम बहार, म्हणजे फुलं, यावा म्हणून पाणी तोडून झाड सुकवतात, तो ताण. नोव्हेंबर संपत आला की आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात एकच प्रश्न असतो. "भाऊ, पाणी तोडून पंधरा दिवस झाले, झाडं काही मलूल होत नाहीत. मुळं तोडायला रोटाव्हेटर मारू का?"

नका मारू. काळ्या रानात ताण बसायला दीड-दोन महिने लागतात, हलक्या रानात महिनाभर. पाव हिस्सा पानं गळाली की पुरे. तेवढा धीर नसेल त्यानं मेथी लावावी.

गंमत अशी, की मुळं तोडल्यावर बहार फुटतोही. तिथंच माणूस फसतो. माझ्या भाच्यानं आठ वर्षांच्या बागेत पार बुंध्यापर्यंत रोटाव्हेटर घातला. जानेवारीत पाणी सोडल्यावर पान दिसेना इतकी फुलं आली. रोज फोटो पाठवायचा. झाडाची खाणारी तंतुमुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, नेमकी तीच गेलेली. झाडानं साठवलेलं सगळं फुलांवर उधळलं आणि एप्रिलच्या उन्हात पाणी ओढायला खाली कोणी उरलं नाही. वाटाण्याएवढी फळं आळ्यात सडा पडल्यासारखी. पावसाळ्यात बुंध्यांना डिंक. खुरप्यानं माती सारून एक मूळ चिमटीत ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता पांढरा दोरा. फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं सडवणारी बुरशी, जखमांतून शिरली होती.

धारेनं सरळ कापलेलं मूळ जखम भरून घेतं, कापाच्या मागून नवी मुळं फेकतं. रोटाव्हेटर मुळाच्या चिंध्या करतो, आणि चिंधी सडते.

मी फक्त वखराची हलकी पाळी देतो, तीही आळ्याबाहेर. चुकून जाड मूळ तुटलंच तर कात्रीनं टोक साफ करायचं, बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावायची आणि त्याच दिवशी माती ओढायची. उद्यावर टाकलं की राहतंच.

मुळं तुटली म्हणून वरच्या हिरव्या फांद्या छाटणारेही आहेत. अरे, नवी मुळं त्या पानांच्याच जिवावर येणार! सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, तेवढी काढा.

तुटक्या मुळांवर युरिया ओतू नका.

ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच द्या.

एकाच झाडाकडून आंबिया (जानेवारीचा) आणि मृग (पावसाळ्याचा) दोन्ही बहार मागणाऱ्यांशी मी बोलत नाही.

भाच्याची बाग तिसऱ्या वर्षी सावरली, बावीस झाडं सोडून. त्या खड्ड्यांत त्यानं नवी कलमं लावलीत. रोटाव्हेटर आता कपाशीवाल्यांना भाड्यानं देतो.