इंग्रजीतल्या वादात समोरच्याच्या खोडीला नेमका शब्द कसा शोधावा

मीटिंगमध्ये इंग्रजीतून वाद पेटला की समोरचा काहीतरी लबाडी करतोय हे कळतं, पण ती पकडायला शब्द मिळत नाही आणि गाडी 'यू आर राँग'वर येऊन अडते. अशा वेळी आधी मनात एवढंच विचारा: त्याने माझं म्हणणं बदललं, विषय बदलला, की अट बदलली?

म्हणणं बदललं असेल तर तो स्ट्रॉमॅन, म्हणजे गवताचं बुजगावणं. तुम्ही म्हणालात, 'शुक्रवारी घरून काम करू द्या'. तो म्हणतो, 'म्हणजे ऑफिसला टाळंच लावायचं का?' 'दॅट्स अ स्ट्रॉमॅन' बरोबर आहे, पण जरा पंडिती वाटतं. बरोबरीच्या माणसाला 'डोन्ट पुट वर्ड्स इन माय माउथ' म्हणा. साहेबांपुढे 'दॅट्स नॉट क्वाइट व्हॉट आय सेड' म्हणून आपलं मूळ वाक्य लगेच पुन्हा सांगा. ते सांगितलं नाही, तर त्याने उभं केलेलं बुजगावणंच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

विषय बदलला तर दोन शब्द आहेत. आरोपाला उत्तर न देता 'आणि तुमचं काय?' असा उलटा आरोप केला, तर व्हॉटअबाउटिझम. भलताच मुद्दा आणून लक्ष भरकटवलं, तर रेड हेरिंग. पहिला शब्द फार सैल हाताने वापरला जातो. 'हाच नियम दुसऱ्या टीमला का नाही?' हा प्रश्न रास्त असू शकतो. त्याला व्हॉटअबाउटिझम म्हटलं की पळवाट तुम्हीच शोधताय असं दिसतं.

अट बदलली तर 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स'. तीन कोटेशन मागितली, ती आणली, आता म्हणे पाच हवीत. यातला 'द' गाळू नका आणि 'पोस्ट्स' अनेकवचनीच ठेवा. हे वारंवार होत असेल तर 'यू कीप मूव्हिंग द गोलपोस्ट्स'. 'कीप'मुळे वैताग आपोआप येतो. 'ऑलवेज'चंही तसंच. 'यू ऑलवेज इंटरप्ट मी' ही नुसती सवय सांगते. 'यू आर ऑलवेज इंटरप्टिंग मी' म्हटलं की तक्रार ऐकू येते.

बारीकसारीक चुका काढत बसणं म्हणजे निटपिकिंग. 'निट' म्हणजे लीख, तेव्हा चित्र डोळ्यांपुढे येईलच. शब्दाचा कीस काढणं मात्र 'स्प्लिटिंग हेअर्स'. स्पेलिंग दाखवणारा पहिल्यात मोडतो, 'उशीर' आणि 'विलंब' यांत फरक काढणारा दुसऱ्यात. 'यू आर अ निटपिकर' टाळा, 'धिस फील्स लाइक निटपिकिंग' म्हणा. माणसाला बिरुद चिकटवलं की वाद मुद्दा सोडून त्या बिरुदावर चालू होतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते गॅसलाइटिंग. पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 च्या नाटकावरून आलेला हा शब्द 2022 मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने वर्षाचा शब्द ठरवला, आणि आता साध्या मतभेदालाही लोक तो लावतात. खोटं बोलणं म्हणजे गॅसलाइटिंग नव्हे. समोरच्याला स्वतःच्या आठवणीवर आणि शहाणपणावरच शंका यावी, अशी फसवणूक सतत करत राहणं, हा त्याचा अर्थ. ऑफिसच्या ईमेलमध्ये हा शब्द गंभीर आरोप ठरतो. तिथे 'माय नोट्स से अदरवाइज' लिहून मीटिंगची टिपणं जोडा, काम होतं.

राहिला मौनाचा प्रकार. वादाच्या मध्येच माणूस बंद पडला, ना हो ना नाही, तर ते स्टोनवॉलिंग. वाद संपल्यावरही शिक्षा म्हणून दोन दिवस अबोला धरला, तर सायलेंट ट्रीटमेंट. नातेसंबंधांचे अभ्यासक जॉन गॉटमन स्टोनवॉलिंग करणाऱ्याला निदान 20 मिनिटांची मोकळीक द्यायला सांगतात, कारण पुष्कळदा तो माजाने नव्हे, छाती धडधडायला लागल्यामुळे गप्प होतो. तेव्हा 'स्टॉप स्टोनवॉलिंग मी' ओरडण्याऐवजी 'लेट्स टेक अ ब्रेक अँड टॉक ॲट सिक्स' म्हणा. वेळ ठरवल्याशिवाय मात्र उठू नका, नाहीतर तुमचं उठून जाणंही त्याला स्टोनवॉलिंगच वाटेल.