प्रवेशाच्या निर्णयाची वाट पाहताना

महाविद्यालयाने निर्णयाची तारीख जाहीर केली असल्यास ती वेळेसह टिपून ठेवावी. संस्था परदेशी असेल, तर ती वेळ बहुधा तेथील घड्याळाप्रमाणे असते. अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आधीच तपासावा आणि ईमेल, त्यातील स्पॅमसह, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळीच पाहावा, कारण तासातासाला पान उघडल्याने निर्णय लवकर येत नाही, झोप मात्र उडते. मित्राला आधी उत्तर आले म्हणून आपल्याला नकारच मिळणार, असे समजू नये. अनेक संस्था निर्णय टप्प्याटप्प्याने कळवतात. प्रतीक्षा यादीत नाव आल्यास जागा हवी असल्याचे मुदतीत कळवावे, पण दुसरीकडे हाती आलेली जागा तोवर सोडू नये. सशर्त प्रवेश अंतिम गुणांवर अवलंबून असतो, तेव्हा अभ्यास चालूच ठेवावा.