स्टोमाभोवतीची बुरशी: या चुका टाळा

स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं मळ बाहेर पडायचं तोंड. त्यावरची पिशवी मधे भोक असलेल्या, गोंदाच्या चकतीनं कातडीला चिकटते. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीपार गेला की पिशवीच्या चकतीखाली घाम साचतो आणि घरातच निदान होतं: "घामोळ्या आल्यात." चकती काढल्यावर कातडी लालभडक, ओलसर, खाजरी असेल आणि लालीच्या कडेबाहेर मोहरीएवढ्या सुट्या पुटकुळ्या दिसत असतील, तर बहुतेक वेळा ती कॅन्डिडा बुरशी असते. लाली नेमकी चकतीच्या आकाराची, कड रेघ मारल्यासारखी असेल तर गोंदाची ॲलर्जी असू शकते. तिथं बुरशीच्या पावडरचा उपयोग नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मेडिकलवरून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेली ट्यूब. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, माणूस खूश. पण मलम तेलकट, म्हणून चकती नीट चिकटत नाही, रात्री कडेनं गळते. त्या ओलाव्यात बुरशी पसरते, मग आणखी मलम चोळलं जातं. महिनाभर असं चाललं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि चकती काढताना सोलली जाते. घाई करणाऱ्यांचं हे ठरलेलंच. खोबरेल तेलानंही चकती नीट चिकटत नाही.

मलमाऐवजी डॉक्टरांना विचारून क्लोट्रिमाझोलची पावडर घ्या. सकाळी खाण्याआधी, स्टोमा शांत असताना बसा. एका हातानं कातडी दाबून धरत चकती हळूहळू सोडवा, खसकन ओढू नका. साध्या कोमट पाण्यानं धुवा, सुती कापडानं टिपा, पाच-दहा मिनिटं पंख्याखाली उघडं ठेवा. पावडर चिमूटभरच. बोटानं पसरा आणि जादाची झटकून टाका. पांढरा थर दिसला तर चकती पावडरला चिकटेल, कातडीला नाही. त्यावर अल्कोहोल नसलेला बॅरियर स्प्रे (कातडीवर संरक्षक थर देणारा फवारा) मारा, वाळू द्या, मग चकती लावून मिनिटभर तळहाताची ऊब द्या. पुरळ असेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी चकती बदला. लाली गेली म्हणून लगेच पावडर सोडू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

साधी स्टोमा पावडर ओलावा शोषते, बुरशी मारत नाही.

दुसरी चूक चकतीच्या भोकाच्या मापाची. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, तरी लोक दवाखान्यातून मिळालेल्या मापाच्या कागदावरूनच चकती कापत राहतात. उघडी राहिलेली कातडी मळानं सोलते आणि तिथंच बुरशी धरते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. पहिले दोन महिने दर वेळी मोजा.

डेटॉल, स्पिरिट, सुगंधी टाल्कम, तिन्ही नको. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. पिशव्यांचा साठा पत्र्याखाली तापू देऊ नका, गोंद बिघडतो. टँकरच्या पाण्याची काटकसर आणि चकतीची किंमत कळते, पण म्हणून गळकी चकती आठ दिवस ओढू नका. धुवायला तांब्याभर पाणी पुरतं.

आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, पू किंवा ताप आला, तर स्टोमा नर्सला किंवा सर्जनला दाखवा. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. साखर चढलेली असली की हीच बुरशी परत परत येते.