वसतिगृहाचा हुरडा: परंपरा रुजवायची तर

स्नेहसंमेलनात पहिल्या वर्षाची पोरं मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. हुरड्याच्या आगटीभोवती, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्याभोवती, तसं बसता येत नाही. एकानं भाजायचं, दुसऱ्यानं चोळायचं, तिसऱ्यानं पाखडायचं. म्हणून मराठवाड्यातल्या वसतिगृहात नवी प्रथा सुरू करायची असेल तर हुरड्यासारखी सोपी प्रथा नाही.

आधी तारीख. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी साधारण 90-95 दिवसांनी हुरड्यावर येते, म्हणजे डिसेंबरचा शेवट ते जानेवारी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडची मुलं गावी जातात, तो दिवस टाळा. छत्रपती संभाजीनगरात 14 जानेवारीही टाळा. विद्यापीठाचा नामविस्तार दिन असतो, गेटवर गर्दी असते आणि तुमचीच निम्मी मुलं तिथं असतात.

शेत ठरवताना वाण विचारा. गूळभेंडी, सुरती किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ असेल तर उत्तम. साध्या ज्वारीचा दाणा लवकर निबर होतो आणि कोंडा सुटत नाही. आदल्या दिवशी जाऊन दाणा चिमटीत दाबा. पाणचट दूध आलं तर कच्चा, दाबलाच नाही तर निबर, मऊ पिठासारखा दबला तर बरोबर. ही अवस्था आठवडाभरच टिकते, म्हणून दोन शेतकऱ्यांशी बोलून ठेवा. फवारणी कधी झाली तेही विचारा.

साठ जणांसाठी अंदाज असा: माणशी पाच धरून 300 कणसं, शेंगदाण्याची चटणी दीड किलो, दही पाच लिटर, गूळ दोन किलो, पाण्याचे 20 लिटरचे सहा जार. जोडीला हिरव्या हरभऱ्याचे ढाळे आणि बोरं. पाट्या, सुपं आणि गोवऱ्या शेतकऱ्याकडेच मिळतात का ते पाहा.

आगट्या चार करा, एकीवर पंधरा जण. दोन फूट रुंद, अर्धा फूट खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. जाळ पूर्ण बसून निखारे झाल्यावरच कणसं खुपसा. घाई इथंच नडते: जाळावर कणीस वरून काळं होतं, आत कच्चं राहतं. भाजलेलं कणीस गरम असतानाच पाटीत चोळायचं. गार झालं की कोंडा दाण्याला धरून बसतो. कडब्याच्या गंजीपासून लांब बसा, वाऱ्याची दिशा बघा, बादलीभर पाणी आणि ओलं गोणपाट जवळ ठेवा.

आता खरी मेख. मुलांना मोकळं सोडलं तर गाववाले गाववाल्यांत बसतात, जातवाले जातवाल्यांत. चिठ्ठ्या टाकून आगट्या वाटा. प्रत्येक आगटीवर तिन्ही वर्षांची मुलं असावीत. पहिला घाणा शेवटच्या वर्षानं चोळून धाकट्यांना वाढायचा, नंतर कामं फिरवायची. धाकट्यांनाच राबवलं किंवा ‘नाचून दाखव’ म्हणून दामटलं तर ती परंपरा नव्हे, रॅगिंग आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे.

वर्गणीची यादी भिंतीवर लावू नका. ज्याला जमत नाही तो पैसे न देता, न सांगता आला पाहिजे. बंद डबा फिरवा आणि तूट मेसच्या बचतीतून भरा. मुलींच्या वसतिगृहासोबत करायचं असेल तर सकाळी दहा ते तीन ठेवा, रेक्टरची लेखी परवानगी आठवडाभर आधी घ्या. संध्याकाळचा बेत गेटच्या वेळेत बसत नाही आणि मुली गाळल्या जातात.

बहुतेक प्रथा दुसऱ्याच वर्षी मोडतात, कारण सगळं ठाऊक असलेली तुकडी पास होऊन निघून जाते. एक वही ठेवा: शेतकऱ्याचं नाव, पेरणीची तारीख, कणसं किती लागली, काय कमी पडलं. शेतातून निघण्याआधी ती दुसऱ्या वर्षाच्या तिघांच्या हाती द्या. पुढचं शेत त्यांनीच सप्टेंबरात, पेरणीआधी ठरवायचं. डिसेंबरात शोधायला निघालात तर चांगल्या वाणाची शेतं हुरडा पार्टीवाल्यांनी आधीच धरलेली असतात.