माळा काढला तेव्हा कळलं : पोरांना घेऊन घरातल्या जुन्या वस्तू परत वापरायच्या कशा

गेल्या दिवाळीला आमचा माळा काढला आणि खाली मांडून बसलो तर श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे मिळून 34 डबे निघाले, झाकणं 19, आणि त्यातलं एकबी झाकण हातात धरलेल्या डब्याला बसंना. (हो, मी बाईच हाय, कोल्हापुरात आम्ही ‘बसलो, गेलो’ असंच बोलतो, चूक काढू नका.) सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, लागतंय कवातरी." ते ‘कवातरी’ सहा वर्षं आलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट हीच. ठेवून देणं म्हंजे परत वापरणं नव्हे. वस्तूला काम ठरवा, तेबी महिन्याभरात, नाही ठरलं तर सरळ भंगारवाल्याला द्या. आणि दुसरं, हे सगळं सुरू करायचं म्हणून काय नवीन विकत आणू नका. बांबूचा ब्रश, स्टीलच्या नळ्यांचा सेट, डिझायनर ज्यूटची पिशवी असलं ऑनलाइन मागवून घर इको-फ्रेंडली होत नसतंय, आधी घरात हाय ते संपवा.

डब्यांचं काम पोरांनाच द्या, मजा येते. आमची थोरली आठ वर्षांची, तिला सांगितलं डबा उलटा करून त्रिकोणातला नंबर वाच आणि तीन ढीग कर. 1 नंबर म्हंजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक, त्यात गरम काय ओतायचं नाही आणि वर्षानुवर्षं तीच बाटली शाळेला द्यायची नाही. 5 नंबर जरा दणकट, त्यात रंग, बटणं, खिळे, सुकी डाळ काहीबी ठेवा. 6 नंबर थर्माकोलच्या जातीतलं, ते ठेवायचंच नाही. नंबर कसलं प्लास्टिक हाय एवढंच सांगतो, त्यामुळं चरे पडलेला, पिवळा पडलेला डबा 5 नंबरचा असला तरी खाण्यापिण्यातनं बाद.

दुधाची पिशवी. ही रोजची, म्हणून हिच्यावर जरा लक्ष द्या. आपण काय करतो, कात्रीनं कोपरा कचकन कापतो, तो नखाएवढा तुकडा सिंकमध्ये, मग गटारात. पिशवी भंगारात जाते, तुकडा कुणीच गोळा करत नाही. त्यापेक्षा कोपऱ्याला नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. दूध ओतलं की त्यात घोटभर पाणी घालून हलवा (आमच्यात आज्जी ते पाणी चहात ओततात, काय बिघडत नाही), मग पिशवी उलटी करून दोरीला चिमटा. चिमटे लावायचं काम धाकट्याचं, चार वर्षांचा हाय, त्याला चिमटा दाबता येतोय ह्याचंच लई कौतुक. स्वच्छ वाळलेल्या पिशव्या रद्दीवाला किलोवर घेतो, वास मारणाऱ्या घेत नाही. चार-पाच पिशव्या बाजूला काढून खाली दोन भोकं पाडा आणि रोपं लावा, दसऱ्याचा झेंडू वाळवून त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी ज्या काळ्या काड्या असतात तेच बी, मातीत पेरलं की आठवड्याच्या आत कोंब दिसतो. पोरांना वाट बघायला एवढेच दिवस जमतात.

आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला राहात असाल तर पिशवीचा प्रश्नच कशाला, संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हशी येतात, ताज्या दुधाला किटली घेऊन जायचं. तसंच रविवारच्या रश्श्याचं. खानावळीतनं उकळता तांबडा-पांढरा रस्सा पातळ पिशवीत गाठ मारून आणायचा आणि घरी येऊन पातेल्यात सोडायचा, हे मला आता बघवत नाही. दोन झाकणाच्या किटल्या घेऊन गेलो तर पहिल्यांदा खानावळीतला पोरगा हसला, दुसऱ्यांदा त्यानं न सांगता वर एक पळी जास्त घातली. भडंग, फरसाण पेपरात बांधून देतात तेबी नको, पेपरची शाई तेलात उतरतीय, आपला डबा पुढं करा.

आता खत. ह्यात मी तोंडावर पडलेलो हाय म्हणून सविस्तर सांगतो.

जुना माठ घ्या. दोन-तीन उन्हाळे झाले की माठाची छिद्रं भरतात, पाझर बंद होतो आणि पाणी गार होत नाही, तो टाकायच्या ऐवजी हा उपयोग. खिळा-हातोडी लावू नका, तडकतो, ड्रिलवाल्याकडनं बुडाला तीन-चार आणि अंगाला आठ-दहा भोकं पाडून घ्या. खाली दोन विटा, विटांच्या मधी जुनी ताटली. माठ नसला तर फुटकी बादलीबी चालते.

माझी चूक अशी झाली की भाजीची देठं, केळाच्या साली, चहाचा चोथा आणि एक दिवस उरलेला रस्सा, सगळं ओलंच ओलं घालत गेलो. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर वास असला की शेजारच्या काकू दारात येऊन विचारत्यात, "घूस मेली काय गं कुठं?" आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. थोरली किंचाळत पळाली, धाकटा मात्र वाकून मोजत बसला. अळ्यांना भिऊ नका, त्या कचराच खातात, पण वास आला म्हंजे समजायचं आत पाणी जास्त आणि हवा कमी.

उपाय आपल्याकडं फुकट मिळतोय, चिपाड! रसवंतीच्या मागं ढीग पडलेला असतो, मागितलं तर पोतं भरून देतात, उलट बरंच झालं म्हणतात. पण ताजं चिपाड गोड असतं, तसंच घातलं तर मुंग्यांची जत्रा भरते, म्हणून गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं आणि मग हातानं मोडून किंवा कात्रीनं बोटभर तुकडे करायचे. आधी माठाच्या तळाला चार बोटं चिपाड, मग रोज एक वाटी ओला कचरा की वर दोन वाट्या चिपाड किंवा वाळला पाला. सुरुवातीला मूठभर जुनी माती आणि अर्धी वाटी आंबट ताक शिंपडा. तीन-चार दिवसांनी काठीनं खालवर करा, हे पोरांचं काम, काठी मिळाली की पोरं खूश. मूठ घट्ट दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर चिपाड वाढवा, भुगा पडला तर पाणी शिंपडा. मटणाची हाडं, तेलकट रस्सा, दुधाचं काही घालू नका. माठ भरला की दीड-दोन महिने तसाच ठेवायचा, अधनंमधनं हलवायचं, काळं आणि वळवाच्या पावसासारखं वासाला आलं की चाळणीनं चाळा, वर राहिलेलं पुढच्या माठात.

आणि हे एक लक्षात ठेवा, मे संपायच्या आत चिपाडाचं एक पोतं कोरडं भरून ठेवा. जून लागला की आपल्याकडचा पाऊस माहीत हाय, जुलै-ऑगस्टात वाळलं पान शोधून सापडत नाही आणि नेमकं तेव्हाच माठात पाणी होतं.

कपड्यांचं थोडक्यात. जुन्या साड्यांची वाकळ शिवणाऱ्या बायका अजून हायत, सुती साड्या त्यांनाच द्या, आपण घरी बसून चार दिवसांत कंटाळतो हे मी अनुभवानं सांगतो. टी-शर्टची पिशवी मात्र सुई न लावता होते : बाह्या कापा, गळा खोल कापा, हे झाले बंद. खालच्या कडेला दोन्ही थर एकत्र धरून इंच-इंच रुंद आणि तीन इंच लांब पट्ट्या कापा, मग पुढच्या थराची पट्टी मागच्या थराच्या पट्टीला दोन गाठी. एवढ्यावर थांबलात तर मधल्या फटींतनं मिरच्या, लिंबं पडतात, म्हणून प्रत्येक गाठीची एक शेपटी शेजारच्या गाठीला बांधा. दोन-तीन किलो भाजी आरामात येते. कापायचं काम मोठ्यांनी, गाठी पोरांनी.

खेळण्यांसाठी सायकल दुकानातनं जुनी व्हॉल्व्ह ट्यूब आणा, बारीक रबरी नळी असते ती. सेंटीमीटरभर तुकडे कापायचे आणि दोन्ही टोकांत काडेपेटीच्या काड्या खोचायच्या, गुल आधी खरवडून काढा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो, मग चौकोनाला आडवी काडी लावली की तोबी घट्ट. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या (लोखंडी सांगाडा) आणि पूल असे त्रिकोणी का असतात हे थोरलीला मला समजावून सांगावं लागलंच नाही. टाकाऊतनं अशी खेळणी करायचं हे वेड अरविंद गुप्तांनी लावलंय, त्यांना 2018 ला पद्मश्रीबी मिळाली.

शेवटचं, वह्या. शाळेचं वर्ष संपलं की वह्यांची मागची कोरी पानं काढा, नीट जुळवून मधोमध दुमडा, वीसेक पानांच्या वर घेऊ नका, जाड होतं. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक मधी, दोन कडेला. गोधडीचा दोरा सुईत ओवून आतनं मधल्या भोकातनं बाहेर, वरच्या भोकातनं आत, मग मधलं भोक सोडून थेट खालच्यातनं बाहेर आणि परत मधल्यातनं आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून गाठ मारा, नाहीतर वही हलते. वरनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान. आमच्या थोरलीनं चार वह्या केल्या, तिघींवर ‘रफ’ लिहिलं आणि चौथीवर ‘आज्जीचा हिशोब’, आता आज्जी भाजीवाल्याचे रुपये त्यात लिहितात आणि ती रोज संध्याकाळी बेरीज तपासते.